कार्यालयातील वैयावृत्य

वैयावृत्य हा शब्द जैन घरांना नवा नाही. चातुर्मासात साधू-साध्वींच्या आहाराची व औषधपाण्याची व्यवस्था पाहणे, वृद्ध त्यागींची शुश्रूषा करणे, विहारात त्यांच्या सोबतीस जाणे, हे सारे वैयावृत्य होय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते आणि ती चुकीची नाही. परंतु सकाळी मंदिरात किंवा स्थानकात हे कर्तव्य निष्ठेने पार पाडणारा श्रावक दहा वाजता बँकेत, कारखान्यात अथवा स्वतःच्या पेढीवर जाऊन बसतो, तेव्हा हा शब्द त्याच्याबरोबर तेथवर पोहोचतोच असे नाही. खुर्ची मिळाली की सेवा घ्यायची, ती करायची हाताखालच्यांनी, असा आपल्याकडील कामकाजाचा जुना रिवाज आहे. घंटी वाजली की शिपायाने यावे, साहेब उठल्याशिवाय कोणी उठू नये आणि साहेबांचे चुकले तरी कोणी बोलू नये, या वळणावर आपली अनेक कार्यालये आजही चालतात.

व्यवस्थापनशास्त्राने गेल्या पन्नासएक वर्षांत या रिवाजाकडे वेगळ्या दृष्टीने पाहण्यास सुरुवात केली आहे. ‘सर्व्हंट लीडरशिप’, म्हणजेच सेवाभावी नेतृत्व, हा विषय आज व्यवस्थापनाच्या वर्गांत शिकवला जातो आणि मोठ्या कंपन्यांच्या प्रशिक्षणवर्गांतही त्यावर व्याख्याने होतात. हा विचार परदेशातून आलेला असला, तरी त्याचा गाभा जैन श्रावकाला अनोळखी नाही. उलट, त्याच्या आचारग्रंथांत या विषयाची जी सूक्ष्म मांडणी आढळते, ती कार्यालयात उतरवली तर पुष्कळ काही साधण्यासारखे आहे.

एका व्यवस्थापकाचा निबंध

या विचाराला आजचे नाव दिले ते रॉबर्ट ग्रीनलीफ या अमेरिकन गृहस्थांनी. १९०४ साली जन्मलेले ग्रीनलीफ ‘ए. टी. अँड टी.’ या अवाढव्य दूरध्वनी कंपनीत १९२६ ते १९६४ अशी अडतीस वर्षे नोकरीस होते आणि अधिकाऱ्यांची निवड व घडण हा त्यांच्या कामाचा विषय होता. निवृत्तीनंतर, १९७० साली, त्यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्याची प्रेरणा त्यांना हरमान हेसे या जर्मन लेखकाच्या एका छोट्या कादंबरीतून मिळाली होती. त्या कादंबरीत काही प्रवासी एका दीर्घ यात्रेस निघालेले असतात. लिओ नावाचा एक साधा सेवक त्यांचे सामान वाहतो, त्यांची किरकोळ कामे करतो आणि आपल्या प्रसन्न वृत्तीने सर्वांना धीर देतो. एके दिवशी तो नाहीसा होतो, आणि पाहता पाहता सारा तांडा विस्कटतो. पुढे कित्येक वर्षांनी उलगडा होतो, की तो सेवकच त्या संपूर्ण संघाचा प्रमुख होता.

या कथेवरून ग्रीनलीफ यांनी काढलेला निष्कर्ष सोपा आहे. ज्याच्या ठिकाणी सेवेची इच्छा आधी असते आणि नेतृत्व जो त्या सेवेसाठी स्वीकारतो, तोच खरा नेता. अशा नेतृत्वाची त्यांनी एक कसोटीही सांगून ठेवली आहे. अधिकाऱ्याच्या हाताखाली काम करणारी माणसे त्याच्या सहवासात वाढतात काय? ती अधिक जाणती, अधिक स्वतंत्र आणि अधिक स्वावलंबी होतात काय? पुढे त्यांच्या ठिकाणीही सेवेची वृत्ती उत्पन्न होते काय? आणि सर्वांत दुबळ्या माणसाचे त्या व्यवस्थेत काय होते? नफा, ठेवी किंवा विक्रीचे आकडे यांचा या कसोटीत उल्लेख नाही. ते आकडे निरर्थक आहेत, असे ग्रीनलीफ यांचे म्हणणे नव्हते. माणसे वाढली तर आकडेही वाढतात आणि टिकतात, असा त्यांचा अनुभव होता.

नवशिका आणि आजारी

आता आपल्या परंपरेकडे वळू. दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्रात तपाचे बाह्य व अभ्यंतर असे दोन भाग केले आहेत. उपवास हे बाह्य तप, तर वैयावृत्य हे सहा अभ्यंतर तपांपैकी एक. म्हणजे सेवेला स्वाध्याय आणि ध्यान यांच्या पंक्तीत बसवले आहे. वैयावृत्य कोणाचे करावे, याचेही दहा प्रकार त्या ग्रंथात सांगितले आहेत. त्यांत आचार्य व उपाध्याय यांची नावे आरंभी आहेत, हे अपेक्षितच आहे. विशेष हे, की त्याच यादीत ‘शैक्ष’ आणि ‘ग्लान’ यांनाही स्थान आहे. शैक्ष म्हणजे नुकता दीक्षित झालेला, अजून शिकत असलेला साधू. ग्लान म्हणजे आजारी.

संघातील सर्वांत नवा आणि सर्वांत अशक्त माणूस हे दोघेही सेवेस पात्र ठरतात, याचा अर्थ सेवेचा प्रवाह खालून वर जातो तसा वरून खालीही आला पाहिजे. ज्येष्ठाने कनिष्ठाची सेवा करणे, यात कमीपणा नाही. ते तप आहे. तीर्थंकरपदाचा बंध ज्या सोळा कारणभावनांनी पडतो, त्यांतही वैयावृत्याचा समावेश आहे. तीर्थ म्हणजे नदीचा उतार, आणि तीर्थंकर म्हणजे इतरांना पैलतीरी जाण्यासाठी तो उतार बांधून देणारा. जैन विचारात याहून श्रेष्ठ नेतृत्व नाही, आणि त्या नेतृत्वाच्या वाटेवर आजाऱ्याची शुश्रूषा हा एक अपरिहार्य टप्पा आहे.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांपैकी निर्विचिकित्सा, म्हणजे घृणेचा अभाव, या अंगासाठी उद्दायन राजाची कथा सांगितली जाते. त्याची परीक्षा पाहण्यासाठी एक देव व्याधीग्रस्त मुनीचे रूप घेऊन आहारास आला. आहारानंतर त्या मुनीस वांती झाली. दुर्गंधीने सेवकवर्ग दूर पळाला. परंतु राजा हलला नाही. आपल्याच हातून दिलेल्या आहारात काही दोष राहिला असावा, असे म्हणत त्याने स्वहस्ते मुनीचे शरीर स्वच्छ केले. या कथेतील घृणा जिंकण्याचा भाग सर्वपरिचित आहे. तिच्यातील दुसरी गोष्ट मात्र सहसा लक्षात घेतली जात नाही. प्रसंग बिघडला तेव्हा राजाने दोष देण्यासाठी दुसऱ्या कोणाचा शोध घेतला नाही. प्रथम स्वतःच्या कामात उणीव राहिली काय, हे त्याने पाहिले. अधिकारपदावरील माणसाला याहून चांगला धडा सापडणे कठीण आहे.

सेवेआधी न्याय

सेवेची गोष्ट करण्यापूर्वी एक प्राथमिक हिशेब तपासून घ्यावा लागतो. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार श्रावकाने टाळावेत, असे आचारग्रंथ सांगतात. बंध, वध आणि छेद यांच्या जोडीला त्यांत आणखी दोन अतिचार आहेत : अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. कोणाही जिवावर त्याच्या शक्तीबाहेर भार लादणे हा एक, आणि त्याच्या अन्नपाण्यात अडथळा आणणे हा दुसरा. बैलगाडीच्या काळात या शब्दांनी बैलाची पाठ डोळ्यांपुढे येत असे. आज ती जागा कार्यालयातील माणसाने घेतली आहे.

तिघांचे काम दोघांवर टाकून वर्षानुवर्षे तिसरी जागा न भरणे, रात्री अकरा वाजता भ्रमणध्वनीवर संदेश पाठवून सकाळी नऊपर्यंत अहवाल मागणे, सुट्टीच्या दिवशीही कर्मचाऱ्याला घरी निवांत बसू न देणे, ही अतिभारारोपणाचीच आजची रूपे आहेत. पगार ठरल्या दिवशी न देणे, भविष्यनिर्वाह निधीची वर्गणी पगारातून कापून वेळेवर न भरणे, जेवणाच्या सुट्टीत काउंटर सोडू न देणे, यांना अन्नपाननिरोधाखेरीज दुसरे नाव देता येत नाही.

व्यापारी घराण्यांच्या बाबतीत तर हा मुद्दा अधिकच जवळचा आहे. सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा नियम पाळणारा मालक सायंकाळी साडेपाचला दुकानातून उठतो आणि घरी जाऊन जेवून येतो. हा नियम स्तुत्यच आहे. परंतु त्याच दुकानातील नोकर दुपारचा डबा तीन वाजता खातो की चार वाजता, गिऱ्हाइकाच्या गर्दीत तो उघडायचा राहूनच गेला काय, याची चौकशी मालकाने केली नाही, तर त्याचा नियम अर्धाच राहिला, असे म्हणावे लागेल. त्याचप्रमाणे पर्वकाळात मोठ्या रकमेची बोली सहज बोलणाऱ्याने पगाराच्या दिवशी ‘दोन दिवस थांबा’ म्हणू नये. दान हे ज्याचे त्याला देऊन झाल्यानंतरच्या धनातून करावयाचे असते. जेथे न्याय नाही, तेथे मालकाच्या गोड बोलण्याला कर्मचारी सेवा मानत नाही. तो त्याला साखरपेरणी समजतो.

रयतेचे सेवक

सेवाभावी नेतृत्वाचे महाराष्ट्रातील सर्वांत मोठे उदाहरण जैन समाजातच जन्मास आले. कर्मवीर भाऊराव पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे झाला. बाहुबली क्षेत्रामुळे हे गाव समाजाला चांगलेच परिचित आहे. तरुणपणी भाऊरावांनी शिकवण्या घेतल्या, ओगले यांच्या काचकारखान्याची व किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री करण्यासाठी ते गावोगाव हिंडले. या भटकंतीत त्यांनी शेतकऱ्यांची घरे आतून पाहिली आणि शिक्षणावाचून या घरांची सुटका नाही, हे ओळखले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळील काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. १९२४ साली संस्था साताऱ्यात आली. सर्व जातिधर्मांची मुले एका छपराखाली राहतील आणि एका पंक्तीस जेवतील, हा त्यांच्या वसतिगृहाचा नियम होता. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते या वसतिगृहाचे ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले.

या वसतिगृहाचा गाडा ओढण्यात लक्ष्मीबाईंचा वाटा भाऊरावांच्या बरोबरीचा होता. परंपरानिष्ठ जैन घरात वाढलेल्या या माउलीने सर्व जातींच्या मुलांना आपली मानून जेवू घातले. कोठीत धान्य संपले, तेव्हा एकेक दागिना मोडला आणि अखेर मंगळसूत्रही विकले. १९३० साली त्या निवर्तल्या, तोवर त्यांच्या अंगावरचे सोने मुलांच्या ताटात उतरले होते. संस्थेचे कोणतेही पद नावावर नसताना त्यांनी जे केले, ते ग्रीनलीफ यांच्या निबंधाच्या कितीतरी वर्षे आधीचे आहे.

व्यवस्थापनाच्या दृष्टीने भाऊरावांच्या कार्यातील दोन गोष्टी अभ्यासण्याजोग्या आहेत. पहिली, त्यांनी सेवेला भिक्षेचे रूप येऊ दिले नाही. ‘कमवा आणि शिका’ ही त्यांची योजना होती. मुलांनी शेतात राबावे, दगड फोडावेत, इमारतीच्या कामाला हातभार लावावा आणि त्या श्रमाच्या मोबदल्यात शिकावे. १९४० साली साताऱ्यात सुरू झालेले महाराजा सयाजीराव हायस्कूल याच तत्त्वावर उभे राहिले आणि १९४७ साली तेथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघाले. ज्याची सेवा करायची, त्याला कायमचे आपल्यावर अवलंबून ठेवायचे नाही, त्याला स्वतःच्या पायांवर उभे करायचे, हे सूत्र त्यामागे होते. ग्रीनलीफ यांच्या कसोटीतील ‘स्वावलंबी’ हा शब्द येथे प्रत्यक्षात उतरलेला दिसतो.

दुसरी गोष्ट उत्तराधिकाऱ्यांची. भाऊरावांनी आपल्या वसतिगृहांतील मुलांमधूनच शिक्षक, मुख्याध्यापक आणि संस्थेला आयुष्य वाहणारे कार्यकर्ते घडवले. रयतच्या छत्राखाली वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊरावांचे निधन झाले. त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण हा किताब आणि पुणे विद्यापीठाची डी. लिट. ही पदवी मिळाली होती. संस्थापक गेल्यानंतर अनेक संस्था कोमेजतात. रयत वाढतच राहिली आणि आज ती महाराष्ट्रातील सर्वांत मोठ्या शिक्षणसंस्थांपैकी एक आहे. वटवृक्ष हे तिचे बोधचिन्ह आहे. पारंब्या जमिनीत रुजून त्यांचीच खोडे व्हावीत, असा त्याचा आशय आहे. तेथील कर्मचाऱ्याला आजही ‘रयत सेवक’ म्हणतात, आणि या सेवकांच्या सहकारी बँकेच्या नावातही हाच शब्द आहे. संस्थापकाची वृत्ती पदनामात उतरते, तेव्हा ती पुढच्या पिढ्यांना वारशाने मिळते.

चूक झाली तेव्हा

वैयावृत्याची खरी परीक्षा सुरळीत दिवशी होत नाही. ती चूक झालेल्या दिवशी होते. बँकेतील एक नेहमीचा प्रसंग घेऊ. नोकरीस लागून तीन महिने झालेली एक तरुण लिपिक रोखपालाच्या खिडकीत बसली आहे. सायंकाळी रोकड जुळत नाही. ४,५०० रुपये कमी भरतात. कमी पडलेली रोकड रोखपालाने भरून द्यायची, हा बँकांतील सर्वसाधारण प्रघात तिला ठाऊक आहे. तिचे हात थरथरू लागतात.

अशा वेळी एक शाखाधिकारी सर्वांदेखत म्हणतो, “तुम्हाला एवढंही जमत नाही? पैसे भरा आणि निघा.” दुसरा शाखाधिकारी खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसतो. “घाबरू नका. आधी पुन्हा मोजू या. पाचशेच्या नोटा तुम्ही घ्या, शंभराच्या मी घेतो.” मोजणी तीच येते. मग तो म्हणतो, “या फरकाला नऊने भाग जातो. अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव आहे. जमा पावत्या काढा.” थोड्याच वेळात २,७०० रुपयांची एक पावती सापडते, जिची नोंद संगणकात ७,२०० अशी झालेली असते. नोंद नियमानुसार दुरुस्त होते. ती मुलगी त्या दिवशी हिशेबाची एक जुनी युक्ती शिकते, आणि चूक लपवण्याची गरज नाही, हेही शिकते.

यातील दुसरी शिकवण अधिक मोलाची आहे. बँकव्यवसायात मोठे घोटाळे पुष्कळदा एखाद्या लहानशा, लपवलेल्या चुकीपासून सुरू होतात. ओरडा बसेल या भीतीने आज ४,५०० रुपयांचा फरक स्वतःच्या खिशातून गुपचूप भागवणारा कर्मचारी उद्या एखाद्या निष्क्रिय खात्याकडे वळू शकतो. जेथे भीती असते, तेथे वाईट बातमी वरपर्यंत पोहोचत नाही, आणि ज्या अधिकाऱ्यापर्यंत वाईट बातमी पोहोचत नाही, तो डोळे बांधून गाडी हाकत असतो. म्हणून सेवाभाव ही केवळ सौजन्याची बाब नाही. तो संस्थेच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे.

सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांत उपगूहन आणि स्थितीकरण ही दोन अंगे याच प्रसंगासाठी सांगितल्यासारखी वाटतात. दुसऱ्याच्या दोषाचा डांगोरा न पिटणे हे उपगूहन, आणि मार्गावरून घसरलेल्याला पुन्हा मार्गावर स्थिर करणे हे स्थितीकरण. ही अंगे जोडीने आचरावी लागतात. नुसते उपगूहन केले आणि स्थितीकरण विसरले, तर दोष झाकला जातो, सुधारत नाही.

भारताच्या अवकाशसंशोधनाच्या इतिहासात या वृत्तीचे एक तेजस्वी उदाहरण आहे. अहमदाबादच्या जैन उद्योगपती घराण्यातील डॉ. विक्रम साराभाई यांनी ज्या कार्याचा पाया घातला, त्याची धुरा त्यांच्या अकाली निधनानंतर प्रा. सतीश धवन यांच्याकडे आली. १० ऑगस्ट १९७९ रोजी एस. एल. व्ही.–३ या उपग्रहवाहकाचे पहिले उड्डाण अयशस्वी झाले. प्रकल्पाचे संचालक होते डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम. पत्रकारांना तोंड देण्याची वेळ आली, तेव्हा धवन स्वतः पुढे झाले, अपयशाची जबाबदारी त्यांनी संस्थाप्रमुख या नात्याने स्वीकारली आणि आपल्या सहकाऱ्यांवर विश्वास व्यक्त केला. १८ जुलै १९८० रोजी दुसरे उड्डाण यशस्वी होऊन रोहिणी उपग्रह कक्षेत पोहोचला. त्या दिवशी मात्र त्यांनी पत्रपरिषद घेण्यास कलामांना पुढे केले. राष्ट्रपती झाल्यानंतरही कलाम हा प्रसंग ठिकठिकाणच्या विद्यार्थ्यांना सांगत असत. अपयश स्वतःकडे घ्यावे आणि यश सहकाऱ्यांकडे सोपवावे, हे एका वरिष्ठाने एकदाच करून दाखवले. त्याचा संस्कार पुढे एका राष्ट्रपतीच्या मुखातून असंख्य तरुणांपर्यंत पोहोचला.

सेवा म्हणजे सैलपणा नव्हे

येथे एका गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. सेवाभावी अधिकारी म्हणजे कोणालाही नाही न म्हणणारा, सर्वांच्या रजा मंजूर करणारा आणि उशिरा येणाऱ्याकडे डोळेझाक करणारा भला माणूस, असे चित्र अनेकांच्या मनात असते. ते खरे नाही. एकाला दिलेली अवाजवी सवलत दुसऱ्याच्या डोक्यावर भार होऊन बसते, आणि तो दुसरा बहुधा मुकाट्याने काम करणाराच असतो.

बँकेच्या तिजोरीच्या किल्ल्या दोन अधिकाऱ्यांकडे विभागून असतात. एकाने केलेली नोंद दुसऱ्याने तपासायची, हाही तेथील मूलभूत नियम आहे. या व्यवस्थेत अविश्वास मुळीच नाही. मोहाच्या क्षणी माणसाला एकटे पडू न देण्याची ती सोय आहे, आणि प्रामाणिक माणसावर खोटा आळ आला तर तीच त्याची ढाल होते. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून स्वतःचा संकेतशब्द सहकाऱ्याला सांगणारा किंवा न तपासता सही करणारा अधिकारी त्या सहकाऱ्याची सेवा करीत नाही. त्याला कड्याच्या टोकावर नेऊन उभे करतो. संघातही आचार्य प्रायश्चित्त देतात. शिष्याविषयी कळवळा असतो, म्हणूनच देतात. कार्यालयातील कठोर निर्णयही खाजगीत, पुराव्यानिशी, समोरच्याचे म्हणणे ऐकून आणि सुधारण्याची वाट दाखवून दिले, तर ते सेवेच्या कक्षेतच येतात. हेतुपुरस्सर लबाडी करणाऱ्याला मात्र पाठीशी घालता येत नाही; तेथे संस्थेचे आणि ठेवीदारांचे हित हीच सेवा.

श्रावक म्हणजे ऐकणारा

श्रावक या शब्दाचा मूळ अर्थच ‘ऐकणारा’ असा आहे. सेवाभावी नेतृत्वाच्या अभ्यासकांनीही ऐकण्याला पहिले स्थान दिले आहे. ऐकणे म्हणजे उत्तराची जुळवाजुळव करीत गप्प बसणे नव्हे. एकाच वस्तूला अनेक अंगे असतात आणि आपल्याला दिसते ते एकच अंग असू शकते, हे अनेकान्ताचे तत्त्व मान्य असणाऱ्याला तरी कनिष्ठाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणे जड जाऊ नये. गिऱ्हाइके का तुटत आहेत, हे काउंटरवरच्या मुलाला मालकाआधी कळलेले असते. यंत्राचा आवाज बदलला आहे, हे त्यावर राबणाऱ्या कामगाराच्या कानाला अभियंत्याआधी जाणवते. प्रश्न इतकाच, की त्यांना कोणी विचारते काय?

यासाठी फार मोठ्या योजना लागत नाहीत. आठवड्यातून एकदा अधिकाऱ्याने अर्धा तास प्रत्यक्ष खिडकीवर, यंत्रावर किंवा गोदामात काढावा. बैठकीत आपले मत सर्वांत शेवटी सांगावे. साहेबांचे मत आधी कळले की इतरांची मते आपोआप जुळतात. नव्या माणसाला काम समजावून देण्यासाठी एक अनुभवी सहकारी नेमावा आणि त्या वेळेची कामाच्या हिशेबात नोंद घ्यावी. दीर्घ आजारातून परतलेल्याला काही दिवस हलके काम द्यावे. आपल्या रजेच्या काळात कनिष्ठाला पूर्ण अधिकारानिशी जागेवर बसवावे आणि रजेवरून दूरध्वनी करण्याचा मोह आवरावा. साहेबांवाचून आठ दिवस विनातक्रार चालणारे कार्यालय हा साहेबांचा अपमान नसून त्यांनी केलेल्या कामाची पावती असते.

घरच्या पेढीवर दुसरी पिढी येते, तेव्हा हा संस्कार विशेष गरजेचा ठरतो. परदेशातून पदवी घेऊन आलेल्या मुलाला पहिल्या दिवशी केबिन देण्याऐवजी सहा महिने गोदामात, वसुलीवर आणि माल चढवणाऱ्या माणसांसोबत काढावयास लावणारी घराणी आहेत. वीस वर्षे दुकानात असलेल्या मुनीमजींना त्या मुलाने ‘काका’ म्हणावे आणि त्यांच्याकडून काम शिकावे. आज्ञा देण्याचा अधिकार जन्माने मिळू शकतो, पण ती आज्ञा मनापासून पाळली जाण्याची पात्रता अशा सहवासातूनच येते. आज चांगली, विश्वासू माणसे मिळत नाहीत, ही व्यापाऱ्यांची नेहमीची तक्रार आहे. ती काही अंशी खरी आहे. परंतु जेथे माणसाचे नाव, त्याच्या मुलांचे शिक्षण आणि त्याच्या आईचे आजारपण मालकाला ठाऊक असते, तेथून माणसे थोड्याशा वाढीव पगारासाठी सहसा उठून जात नाहीत.

क्षमापनेचा दिवस

पर्युषण आणि दशलक्षण पर्वांच्या शेवटी आपण परस्परांची क्षमा मागतो. आप्तेष्टांना पत्रे, संदेश जातात. ज्यांच्याशी वर्षभरात एकदाही बोलणे झाले नाही, त्यांचीही क्षमा मागितली जाते. मात्र ज्यांच्याशी वर्षातील तीनशे दिवस संबंध येतो, ज्यांच्यावर कधी कामाच्या घाईत, कधी रागाच्या भरात आवाज चढवला जातो, ते सहकारी आणि नोकर बहुधा त्या यादीत नसतात. ते जैन नाहीत, त्यांना काय कळणार, अशी सबब सांगितली जाते. क्षमा मागणे ही मागणाऱ्याची साधना आहे. तिच्यासाठी समोरच्याचा धर्म विचारावा लागत नाही.

येत्या क्षमापना दिनी एखाद्या शाखाधिकाऱ्याने, कारखानदाराने किंवा दुकानदाराने आपल्या खुर्चीवरून उठून प्रथम शिपायाच्या, रखवालदाराच्या आणि सर्वांत नव्या कर्मचाऱ्याच्या जागेपाशी जावे, हात जोडावेत आणि वर्षभरात ज्या प्रसंगी आपले चुकले, त्याचा नावानिशी उल्लेख करून क्षमा मागावी. मग काही क्षण थांबून त्याला काय सांगायचे आहे, तेही ऐकून घ्यावे. पहिल्या वर्षी समोरचा माणूस संकोचेल, कदाचित काहीच बोलणार नाही. दुसऱ्या वर्षी तो बोलेल. आणि ज्या दिवशी तो एखादी अडचणीची गोष्ट न भिता सांगेल, त्या दिवशी त्या कार्यालयात वैयावृत्याला सुरुवात झाली, असे समजावे.